जबडा गेल्यावर घास चावायचा कसा?



मागे एका हिवाळ्यात धाटावचे एक गृहस्थ माझ्या दवाखान्यात आले. कारखान्यात पाळीवर काम करणारे, वय पन्नाशीच्या आत. तोंडावर रुमाल धरलेला. बरोबर त्यांची पत्नी. तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया होऊन सात महिने झाले होते. उजव्या बाजूचा खालचा जबडा दाढांसकट काढलेला, छातीचा मांसल भाग वर आणून गालाच्या आत बसवलेला, त्यानंतर सहा आठवडे किरणोपचार. रोग आटोक्यात आला होता. कागदपत्रे पाहून मी म्हटले, "काका, छान आहे, तपासण्या चांगल्या आल्यात." ते काही बोलले नाहीत. काकीच म्हणाल्या, "तपासण्या चांगल्या, पण जेवण कुठं आहे? सात महिने पेज आणि मिक्सरमधली आमटी." मग गृहस्थांनी रुमाल बाजूला केला आणि अडखळत विचारले, "डॉक्टर, पोपटी खायला मिळंल का मला परत?"

आमच्या रायगडाबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या म्हणजे रोहे, पेण, अलिबाग या बाजूला शेतावर पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी भरायची, तोंड पाल्याने बंद करून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. मग सगळ्यांनी गोल बसून शेंगा दातांनी सोलत खायच्या. या जेवणाला ताट नाही की चमचा नाही, सगळे काम दातांचे. म्हणजे त्या गृहस्थांचा प्रश्न नुसत्या एका पदार्थाचा नव्हता. चार माणसांत बसून जेवता येईल का, हे त्यांना विचारायचे होते. मी त्या दिवशी "बघू" म्हणालो. डॉक्टर मंडळी उत्तर ठाऊक नसले की "बघू" म्हणतात, हे आपणही अनुभवले असेल. नीट उत्तर द्यायला मला पुष्कळ विचारावे लागले, वाचावे लागले. ते उत्तर आज आपल्यापुढे ठेवतो.

आधी घास चावणे म्हणजे काय ते पाहू. आपण समजतो की दात चावतात. दात हे जात्याची तळी, एवढेच. जात्यात घास घालणारा हात लागतो, तो हात म्हणजे जीभ. बाहेरून गाल धान्य आत ढकलतो. लाळ पाण्याचे काम करते. निरोगी माणसाला दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. खालचा जबडा दोन्ही कानांपुढच्या सांध्यांवर झोपाळ्यासारखा टांगलेला असतो, आणि दोन्ही बाजूंचे स्नायू त्याला सारखे ओढतात म्हणून तो मधोमध राहतो. दाताच्या मुळाभोवती एक पातळ पडदा असतो, त्यात इतकी सूक्ष्म जाण असते की भातातला खडा चावण्यापूर्वीच आपण थांबतो. यातले एक अंग गेले तरी बाकीची कशीबशी निभावतात. मोठ्या शस्त्रक्रियेत तीन-चार अंगे एकदम जातात.

आपल्याकडे हा रोग बहुधा कोठे होतो? गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीत. आपण तंबाखूचा बार ठेवतो, रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून चिमूट दाबतो, ती जागा तीच. बायका मशेरी लावतात तीही तेथेच. सुपारीचेही तसेच. श्रीवर्धनच्या सुपारीचा आपल्या जिल्ह्याला अभिमान आहे, मलाही आहे, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी २००३ साली सुपारीला, तंबाखू नसली तरीसुद्धा, कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातले. हे सत्य गोड नाही. सुपारीने तोंडाची आतली कातडी ताठ होते, तोंड उघडेनासे होते. पूर्व आफ्रिकेतल्या हिंदी स्त्रियांत हा विकार १९५२ साली नोंदला गेला, आणि पुढच्याच वर्षी, १९५३ साली, मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी आपल्याकडचे रोगी पाहून त्याला सबम्युकस फायब्रोसिस असे नाव दिले. तेच नाव आज जगभर चालते.

महाराष्ट्रात या रोगाचा अभ्यास जुना आहे. मुंबईत परळला टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तोंडाचा कॅन्सर आणि आपल्या लोकांच्या सवयी यांची सांगड अभ्यासिली. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाच्या डॉ. फली मेहता यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांत घरोघर जाऊन १,०१,७६१ माणसांची तोंडे तपासली. तो अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. एक लाखाहून अधिक माणसांना "आ करा" म्हणायचे! खेड्यातल्या शिक्षकांना यातली मेहनत कळेल, कारण जनगणनेला दारोदार तेच जातात.

असो. रोग झाला, शस्त्रक्रिया ठरली. गाठ हाडापर्यंत पोचलेली नसली तर जबड्याची वरची कड तेवढी कापतात, खालची कमान शाबूत राहते. अशा माणसाचे चावणे पुष्कळसे सुधारता येते. परंतु गाठ हाडात शिरली असेल तर जबड्याचा तो तुकडाच काढावा लागतो, आणि येथे खरी अडचण सुरू होते. झोपाळ्याची एक कडी तुटली की झोपाळा तिरका होतो. उरलेला जबडा कापलेल्या बाजूला सरकतो. वरचे दात खालच्या दातांवर बसतच नाहीत. चांगल्या बाजूला सगळे दात असूनही माणसाला पोळीचा तुकडा तोडता येत नाही. घरचे म्हणतात, "अहो, त्या बाजूने चावा की!" कसे चावणार? जात्याची वरची तळी एका गावाला, खालची दुसऱ्या.

यावर उत्तम उपाय म्हणजे गेलेल्या हाडाच्या जागी हाड बसवणे. आपल्या पायात गुडघ्याखाली दोन हाडे असतात. नडगीचे जाड हाड शरीराचा भार घेते. त्याच्या बाहेरच्या अंगाला एक बारीक, लांब हाड असते, त्याच्यावर भार फारसा येत नाही. घोट्याजवळचा आणि गुडघ्याजवळचा भाग सोडून मधला तुकडा काढला तरी माणूस पुढे चालतो, शेतातही जातो. या हाडाचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसकट काढतात, जबड्याच्या कमानीसारखा आकार यावा म्हणून दोन-तीन ठिकाणी कापून वळवतात, धातूच्या पट्टीने बसवतात आणि त्याच्या रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक दोऱ्याने शिवतात. रक्त वाहू लागले की हाड जिवंत राहते. पायाच्या हाडाने जबडा घडवण्याची ही रीत न्यूयॉर्कच्या डॉ. हिडाल्गो यांनी १९८९ साली प्रसिद्ध केली. आज आपल्याकडच्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत ती केली जाते. शस्त्रक्रिया लांबते, दोन तुकड्या लागतात, एक तोंडाशी आणि एक पायाशी. म्हणून ती प्रत्येकाला मिळत नाही. आमच्या धाटावच्या गृहस्थांनाही मिळाली नव्हती. ज्यांच्यात रोग फार पसरलेला आहे, हृदय-फुफ्फुसे साथ देत नाहीत, त्यांच्यासाठी छातीचा स्नायू हाच सुरक्षित मार्ग ठरतो, आणि त्याने जीव वाचतो, हे विसरून चालणार नाही.

हाड बसले. आता दात. साधी कवळी येथे टिकत नाही. कवळी हिरडीच्या उंचवट्यावर घट्ट बसते. येथे उंचवटा गेला, हिरडी गेली, पायाची जाड कातडी तोंडात आली, ती सरकते. त्यावर कवळी म्हणजे ओल्या पाटावर ठेवलेली वाटी. शिवाय चांगली कवळीसुद्धा नैसर्गिक दाढांच्या पाव हिश्श्याच्या आसपासच जोर देते. म्हणून हाडातच खुंट रोवायचे आणि त्यावर दात बसवायचे. याला डॉक्टर इम्प्लांट म्हणतात, पुस्तकात दंतरोपण लिहितात, आणि माझे रोगी सरळ 'स्क्रूचे दात' म्हणतात. मला तिसरे नाव आवडते, कारण तो खरोखर स्क्रूच असतो: टायटॅनियम धातूचा, साधारण एक सेंटिमीटर लांब, चार मिलिमीटर जाड.

टायटॅनियमच का? याची हकीकत मजेची आहे. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाचे डॉक्टर १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवून हाडातले रक्त कसे वाहते ते पाहत होते. प्रयोग संपल्यावर महागडी नळी परत काढावी म्हणून ते गेले, तर ती निघेना! हाड धातूला चिकटून वाढले होते. दुसरा कोणी वैतागला असता. त्यांनी विचार केला की हाड धातूला असे धरून ठेवीत असेल तर दात का बसवू नयेत? १९६५ साली गोस्टा लार्सन या पहिल्या माणसाच्या जबड्यात त्यांनी हे खुंट बसवले. लार्सन यांच्या जबड्यात जन्मापासून दोष होता. ते खुंट त्यांना २००६ साली ते वारले तोपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, पुरले.

आता दुसऱ्या एका बाईंचे सांगतो. रोहे तालुक्यातल्याच. लहानपणापासून मशेरी. त्यांचा डावीकडचा खालचा जबडा काढून पायाचे हाड बसवले. किरणोपचारानंतर डॉक्टरांनी घाई केली नाही. रोग उलटत नाही, हाड जुळले आहे, हे पाहून शस्त्रक्रियेनंतर दीड वर्षाने तीन स्क्रू बसवले. ते हाडात मुरायला आणखी सहा महिने दिले. किरणांनी हाडातला रक्तपुरवठा मंदावतो, त्यामुळे साध्या रोग्यापेक्षा येथे धीर जास्त लागतो आणि अपयशही जास्त येते, हे त्यांना आधीच सांगितले होते. मध्ये जाड कातडी पातळ करण्यासाठी एक छोटी शस्त्रक्रिया झाली. मग दात चढले. पहिल्या दिवशी बाईंनी मला विचारले, "आता भाकरी खाऊ?" मी म्हटले, "आधी मऊ भात, मग घावन, मग दुधात मोडलेली भाकरी. कोरडी भाकरी महिन्याने." त्यांनी पंधराव्या दिवशी खाल्ली. आम्हाला नंतर सांगितले.

परंतु सगळेच परत आले असे नाही. जबडा कापताना खालच्या ओठाची संवेदना देणारी शीर जाते. ओठ बधिर राहतो. भाताचे शीत हनुवटीला चिकटले तरी बाईंना कळत नाही. त्यांची नात जेवताना समोर बसते आणि शीत चिकटले की आपल्या स्वतःच्या हनुवटीला बोट लावते. कोणाला काही कळत नाही, आजी पदराने पुसते. हे कोणत्याही रुग्णालयात शिकवलेले नाही. आणि स्क्रूच्या दाताला मुळाभोवतीचा तो पडदा नसतो, म्हणून खडा लागला तर तो चावून झाल्यावर कळतो. तांदूळ निवडून घ्यावे लागतात.

चावणे किती सुधारले हे मोजता येते का? येते. १९५० साली मॅनली आणि ब्रेली या संशोधकांनी माणसांना शेंगदाणे ठरावीक वेळा चावायला लावून, गिळू न देता बाहेर काढून चाळणीने चाळले. जेवढे बारीक खाली पडले तेवढे चावणे चांगले. आता दोन रंगांचे च्युइंगगम चावायला देऊन रंग किती मिसळले ते पाहतात. शास्त्र पुढे गेले, पण आपल्या घरची परीक्षा मला अधिक पटते: रोग्याचे जेवण इतरांबरोबर संपते की सगळे उठल्यावरही तो एकटाच बसलेला असतो?

ज्यांना स्क्रूचे दात मिळणार नाहीत त्यांचे काय? त्यांची संख्या मोठी आहे, म्हणून त्यांना सोडून पुढे जाणे बरे नव्हे. वरचा जबडा किंवा टाळू काढली असेल तर तोंड आणि नाक एक होते. पाणी प्याले की नाकातून येते, बोललेले समजत नाही. तेथे टाळूला झाकण असलेली खास कवळी बसवतात. ती बसताक्षणी माणूस स्पष्ट बोलतो. पाहणाऱ्याला चमत्कार वाटावा. खालचा जबडा सरकला असेल आणि हाताने धरून जागेवर आणता येत असेल, तर दातांना एक पंखासारखी पट्टी बसवतात, ती जबड्याला बरोबर जागी मिटायला लावते. जितकी लवकर बसेल तितका गुण. उशीर झाला की आतले व्रण आखडतात, मग हात लावूनही जबडा हलत नाही. ही कामे कृत्रिम दंतशास्त्राचे तज्ज्ञ करतात; मुंबईच्या शासकीय दंत महाविद्यालयात आणि नायर दंत महाविद्यालयात हे विभाग आहेत. माझे एवढेच सांगणे आहे की या तज्ज्ञाची गाठ शस्त्रक्रियेनंतर नव्हे, आधी घ्यावी. किरणोपचारापूर्वी किडलेले दात काढून जखम भरायला दोनेक आठवडे तरी द्यावे लागतात. नंतर किरण घेतलेल्या जबड्यातला दात परस्पर उपटला तर हाड सडू शकते. किरणोपचार झालेल्या माणसाने गावच्या दातवाल्याकडे जाताना पहिले वाक्य हेच सांगावे: "मला किरण दिलेत."

आता तोंड उघडण्याविषयी. दात कितीही चांगले बसवा, तोंडच उघडले नाही तर घास जाणार कसा? स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जातात का पाहा. निरोगी माणसाची सामान्यतः जातात. दोन दातांमधले अंतर ३५ मिलिमीटरांहून कमी झाले की अडचण मानतात. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी परवानगी दिली की रोज व्यायाम करायचा. लाकडी चपट्या काड्या, आइस्क्रीमच्या असतात तशा, एकावर एक रचून दाढांमध्ये सरकवायच्या आणि थोडा वेळ धरायच्या. आठवड्याने एक काडी वाढवायची. दिवसातून चार-पाच वेळा, आणि किरणोपचार चालू असतानाही, जमेल तेवढे. दुखते, म्हणून लोक सोडतात; आणि सोडले की मिळवलेले अंतर भराभर जाते. शिक्षकांना ठाऊक असलेली गोष्ट: सुटीत पाढे विसरतात तसे.

जेवणाचे दोन शब्द. "मऊ खा" हा सल्ला मी स्वतः पूर्वी देत असे आणि तो निरुपयोगी आहे. मऊ म्हणजे काय? नुसती पेज पिऊन माणूस वाळतो. पेजेत शिजवून घोटलेली मुगाची डाळ घाला, वरून चमचाभर तूप घाला. वाल सोलून, शिजवून, गाळून त्याचे दाट कढण करा. अंडे अर्धकच्चे नको, पूर्ण शिजवून आमटीत कुस्करा. काटा नसलेला मासा चालतो. जवळा-सुकट मात्र घशात टोचते, ते सध्या नको. लाळ कमी झालेली असते म्हणून प्रत्येक घासाबरोबर पाण्याचा घोट, आणि पाणी पिताना ठसका लागत असेल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा. अन्न श्वासनळीत जात असेल तर ते साधे प्रकरण नाही. तिखटाचे तर विचारूच नका. आगरी मसाल्यावर वाढलेल्या माणसाला वर्षभर बिनतिखटाचे जेवायचे म्हणजे शिक्षाच. पण तोंडाची कातडी पोळलेली असते.

खर्चाचा प्रश्न येणारच. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कॅन्सरच्या पुष्कळशा शस्त्रक्रिया आणि किरणोपचार होतात. पण पायाचे हाड, धातूची पट्टी आणि पुढे दातांचे स्क्रू यांतले काय बसते आणि कशाचे पैसे भरावे लागतील, हे शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आणि समाजसेवा विभागाला स्पष्ट विचारून घ्यावे. लाजू नये. खारघरचे टाटा केंद्र तर आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. रोह्याहून गाडीने पनवेलला उतरले की जवळ. तरी एकेका फेरीला कामगाराची एक पाळी बुडते आणि स्क्रूच्या दातांना अशा फेऱ्या दहाबारा तरी लागतात. हा हिशेब कोणत्याही योजनेच्या कागदावर नसतो, पण उपचार अर्ध्यावर सुटतात ते बहुतेक वेळा याच हिशेबाने.

हा रोग गरिबांचाच असे मात्र समजू नका. शरद पवार यांना २००४ साली तो झाला, शस्त्रक्रिया झाली, आणि सवयीबद्दल आणि नंतरच्या त्रासाबद्दल ते जाहीरपणे बोलत आले आहेत. आर. आर. पाटील यांना मात्र २०१५ साली याच रोगाने आपल्यातून नेले. शिक्षकांना माझी विनंती एवढीच की २०१२ सालापासून राज्यात गुटख्याला बंदी आहे, आणि २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. तेव्हा शाळेपुढच्या टपरीकडे एकदा पाहावे. आणि एखाद्या मुलाला वडापाव खाताना तोंड पुरते उघडत नसेल, तिखट झोंबून डोळ्यांत पाणी येत असेल, तर त्याच्या खिशातल्या सुपारीच्या पुडीवर ओरडण्याआधी त्याला दंतवैद्याकडे धाडावे.

धाटावच्या गृहस्थांचे सांगायचे राहिले. त्यांच्या उजव्या बाजूला हाड नाही, म्हणून त्या बाजूला स्क्रूचे दात बसवता आले नाहीत. पुन्हा मोठी शस्त्रक्रिया करून पायाचे हाड घालता येईल असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी विचार करून नको म्हटले. त्यांचा जबडा अजून हाताने जागेवर येत होता, म्हणून मुंबईला जाऊन पंखाची पट्टी बसवून घेतली. उशीर झाला होता, तरी डावीकडचे दात हळूहळू एकमेकांवर येऊ लागले. काड्या सातावरून चौदावर गेल्या. पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या भावाने शेतावर पोपटी लावली. शेंगा काकींनी सोलून दिल्या, कोंबडीचे हाड काढून बारीक तुकडे केले. सगळ्यांचे खाऊन हात धुऊन झाले तेव्हा हे निम्म्यावर होते. पण कोणी उठले नाही, विस्तव होता, गप्पा चालल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन त्यांनी सांगितले, "डॉक्टर, वाल चावता आला. अंडं सोपं. कोंबडी जरा जड गेली." मी विचारले, "तिखट?" ते म्हणाले, "ते काही विचारू नका."